मोटारीचें दीर्घायुष्य

मोटार किती चालली म्हणजे ती म्हातारी झाली असें समजावें, हा प्रश्न ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. तबकडीवरील आंकडा एक लाख किलोमीटरांच्या जवळपास आला कीं, मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. शेजारी सल्ला देतात, "आतां काढून टाका, यापुढें नुसता खर्च!" जुनी गाडी घ्यावयास आलेला गृहस्थही पहिला प्रश्न हाच विचारतो कीं, "किती चालली आहे?" आणि मिळालेल्या उत्तरावरून मनांतल्या मनांत किंमत ठरवूं लागतो. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दृष्टीनें घराखालोखाल मोठा असा हा खर्च. आणि त्याचा निर्णय बहुधा या एका आंकड्यावर होतो. म्हणून हा आंकडा खरोखर काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभीं, नीट वागविलेली मोटार किती चालूं शकते याचीं तीन उदाहरणें घेऊं. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरालगत लाँग आयलंड नांवाचें बेट आहे. तेथील अर्व्ह गॉर्डन या शास्त्रशिक्षकांनीं १९६६ सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो कारखान्याची पी-१८०० एस ही तांबडी दोनदारी गाडी विकत घेतली. शाळेस जाऊन येण्याचाच त्यांचा प्रवास रोजचा सुमारें १२५ मैल होता, आणि सुटीच्या दिवसांतही ते गाडी घेऊन दूरदूर हिंडत. १९९८ सालीं एकाच मालकानें सर्वांत अधिक चालविलेली खासगी मोटार म्हणून या गाडीची गिनेसच्या विक्रमग्रंथांत नोंद झाली. त्या वेळीं तिचे १६ लाख ९० हजार मैल झाले होते. २००२ सालीं २० लाख मैल पुरे झाले. २०१३ च्या सप्टेंबरांत अलास्कांतील एका रस्त्यावर ३० लाखांचा आंकडा उमटला. आणि २०१८ सालीं गॉर्डन निवर्तले तोंपर्यंत तो ३२ लाखांच्या पलीकडे गेला होता. किलोमीटरांत सांगावयाचें तर सुमारें ५१ लाख. पृथ्वीपासून चंद्राचें सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे. तेव्हां चंद्रावर जाऊन परत येण्याच्या सहा फेऱ्या पुऱ्या करून ही गाडी सातव्या फेरीचा निम्म्याहून अधिक पल्ला चालली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें उदाहरण ग्रीस देशाचें. ग्रेगोरिओस साखिनिडिस या टॅक्सीवाल्यानें १९७६ च्या घडणीची मर्सिडीज-बेंझ २४०-डी ही डीझेल गाडी १९८१ सालीं वापरलेलीच घेतली, आणि तिच्यावर २३ वर्षें धंदा केला. २००४ सालीं ती कारखान्याच्या संग्रहालयास दिली तेव्हां तिची मजल ४६ लाख किलोमीटर झाली होती. तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत राहणाऱ्या व्हिक्टर शेपर्ड यांची २००७ सालची टोयोटा टुंड्रा ही पाठीमागें माल वाहण्याची सोय असलेली गाडी २०१६ सालीं, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, १० लाख मैल चालली. आणि तेंही मूळच्याच इंजिनावर व मूळच्याच गिअरबॉक्सवर. कारखान्यानें ती तपासणीसाठीं मागून घेतली व मालकास नवी दिली. नऊ वर्षांत ही गाडी ११७ वेळां देखभालीसाठीं विक्रेत्याकडे गेली होती. महिन्यास एकाहून अधिक वेळां असें हें प्रमाण पडतें.

या तीन गाड्या तीन प्रकारच्या आहेत. एक हौसेची, एक भाड्याची, एक कष्टाच्या कामाची. एक स्वीडनची, एक जर्मनीची, एक जपानी कारखान्याची. तेव्हां अमुक देशाची किंवा अमुक जातीची गाडीच तेवढी टिकते, असा नियम यांवरून काढतां येत नाहीं. परंतु तिघींत दोन गोष्टी सारख्या आहेत. तिघीही रोज लांबचा पल्ला चालत होत्या, आणि तिघींच्या मालकांनीं देखभालीची वेळ कधीं टळूं दिली नाहीं. यांपैकीं दुसरी गोष्ट कोणासही पटेल. पहिली मात्र विलक्षण वाटण्यासारखी आहे. जी गाडी जास्त चालते ती जास्त झिजावी, हा साधा न्याय. मग जी सर्वांत जास्त चालली तीच सर्वांत जास्त टिकली, हें कसें?

याचा उलगडा होण्यासाठीं इंजिनाच्या आंत थोडें डोकावलें पाहिजे. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें, म्हणजे मिनिटास एक किलोमीटर, जात असतां तिचें इंजिन मिनिटास सुमारें २,००० फेरे करतें असें धरूं. तर एक लाख किलोमीटरांस २० कोटि फेरे झाले. मनुष्याचें हृदय मिनिटास ७० ठोके देतें असें मानलें, तर २० कोटि ठोके पुरे व्हावयास सुमारें साडेपांच वर्षें लागतात. म्हणजे ज्या आंकड्याला आपण गाडीस म्हातारी ठरवितों, त्या आंकड्याला तिच्या हृदयाचे ठोके बिगरीतल्या मुलाइतकेच झालेले असतात! गॉर्डन यांच्या गाडीचे फेरे याच हिशेबानें १,००० कोटींच्या घरांत जातात. सत्तर वर्षें जगणाऱ्या माणसाच्या हृदयास इतके ठोके द्यावयाचे तर जवळजवळ चार जन्म घ्यावे लागतील.

धातूवर धातू इतके वेळां फिरला तर तो झिजून कसा जात नाहीं? याचें उत्तर असें कीं, नीट चालत असलेल्या इंजिनांत फिरणारा मुख्य दांडा ज्या बेअरिंगमध्यें बसविलेला असतो, त्या बेअरिंगला तो जवळजवळ लागतच नाहीं. ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती मोटारीवरून नव्हे, तर आगगाडीवरून. १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाचे इंजिनिअर आगगाडीच्या आंसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठीं त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें, तों आंस फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल उलट वर येऊं लागलें. त्यांनीं लांकडी खुंटी ठोकून भोंक बंद केलें. ती खुंटीही तेलानें हळूहळू वर ढकलून दिली. यावरून उघड झालें कीं, आंतील तेल मोठ्या दाबाखालीं आहे, आणि सगळा भार तेंच पेलीत आहे. पुढें १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं गणितानें याची उपपत्ति सिद्ध केली. फिरणारा दांडा तेलास आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटींत कोंबतो. तेथें दाब उत्पन्न होतो. आणि त्या दाबावर दांडा स्वतःच तरंगूं लागतो. हा तेलाचा थर केसाच्या जाडीपेक्षांही कित्येक पटींनीं पातळ असतो. परंतु तो शाबूत आहे तोंपर्यंत धातूला धातू लागत नाहीं, आणि न लागणारी वस्तु झिजतही नाहीं.

मात्र हा थर टिकण्यास तीन गोष्टी लागतात. दांडा फिरत असला पाहिजे; तेल जागेवर पोंचलें पाहिजे; आणि तें तेल योग्य दाटपणाचें व स्वच्छ असलें पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहिली कीं, बहुतेक तेल खालच्या भांड्यांत, ज्यास आपल्याकडील मिस्त्री लोक चेंबर म्हणतात त्यांत, निथळून येतें. सकाळीं इंजिन सुरू केल्यावर पंप तें तेल वर पोंचवीपर्यंत कांहीं क्षण जातात. त्या क्षणांत मागें राहिलेल्या ओलाव्यावरच सर्व भिस्त असते. पिस्टन, त्यांच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती यांची खरी घासाघीस या वेळीं होते. तात्पर्य, इंजिन झिजतें तें मुख्यतः चालतांना नव्हे, तर चालूं लागतांना.

थंड इंजिनाचें आणखी एक दुखणें आहे, आणि त्याकडे फारच थोड्या लोकांचें लक्ष असतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यापासून सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. तें वाफेच्या रूपानें धुराड्यावाटें बाहेर जातें, म्हणून आपणांस दिसत नाहीं. परंतु त्यांतील थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खालीं चेंबरमध्यें शिरतेच. इंजिन चांगलें तापलेलें असेल तर ती पुन्हा उडून जाते. इंजिन थंड असेल तर ती तेथेंच पाणी होऊन तेलांत मिसळते. तिच्याबरोबर न जळलेलें पेट्रोल आणि धुरांतील आम्लेंही येतात. तेल पातळ होतें, आंबतें, आणि काळाच्या ओघांत चिखलासारखा गाळ धरतें. चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचें तेल नीट तापावयास अवसरच मिळत नाहीं.

आतां दोन गाड्यांची तुलना करून पाहा. एक गाडी रोज २०० किलोमीटर चालते. सकाळीं १०० व संध्याकाळीं १००. दुसरी रोज आठ किलोमीटर चालते; कचेरीला जातांना चार व येतांना चार. दोघींच्या तबकडीवर ८,००० किलोमीटर पडले. पहिलीस त्यास ४० दिवस लागले, आणि थंड इंजिन ८० वेळां सुरू करावें लागलें. दुसरीस १,००० दिवस लागले, आणि थंड इंजिन २,००० वेळां सुरू झालें. तबकडी म्हणते दोघी सारख्या. परंतु झिजेच्या दृष्टीनें दोघींत पंचवीसपट अंतर! टॅक्सीवाल्याची गाडी दिवसभर गरमच असते. गॉर्डन यांची गाडी एकदां तापली कीं मैलोगणती त्याच उष्णतेवर धांवत असे. त्यांच्या दीर्घायुष्याचें पहिलें रहस्य येथें आहे.

तबकडी आणखी एक गोष्ट लपविते. ती अंतर मोजते. काळ मोजीत नाहीं. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ६० च्या वेगानें एक लाख किलोमीटर जावयास सुमारें १,७०० तास पुरतात. मुंबई-पुण्याच्या गर्दींत सरासरी वेग ताशीं १५ पडला, तर तेवढ्याच अंतरास ६,७०० तास लागतात. इंजिन चौपट वेळ चालतें, क्लच व ब्रेक शेंकडोपट अधिक दाबले जातात, आणि आंकडा मात्र तोच. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर किलोमीटरांऐवजीं तास मोजणारें घड्याळ असतें तें यासाठींच. शहरांतील एक लाख आणि हमरस्त्यावरील एक लाख हीं दोन निरनिराळीं वयें आहेत, हें जुनी गाडी घेणारानें विसरूं नये.

दुसरें रहस्य देखभालीचें. गॉर्डन यांची रीत कांहीं गूढ नव्हती. गाडीबरोबर मिळालेलें माहितीचें पुस्तक ते पाळीत, आणि दर तीन ते साडेतीन हजार मैलांनीं तेल बदलीत. आजचीं तेलें अधिक टिकाऊ आहेत. त्यामुळें मुदतही लांबली आहे. परंतु मुदत लांबली म्हणजे ती संपली, असें नव्हे. तेल संपत नाहीं, पण तें दमतें. त्यांत मिसळलेलीं काजळी धरून ठेवणारीं व आम्ल मारणारीं द्रव्यें हळूहळू खर्ची पडतात. म्हणूनच कारखाने किलोमीटरांबरोबर महिन्यांचीही मर्यादा घालतात, आणि दोहोंपैकीं जी आधीं येईल ती पाळावयाची असते. कमी चालणाऱ्या घरगुती गाडीला बहुधा महिन्यांचीच मर्यादा लागू पडते, आणि नेमकी तीच "गाडी कुठें फारशी चालली आहे?" या सबबीखालीं चुकविली जाते.

तेलाइतकीच महत्त्वाची हवा. इंजिन पेट्रोलापेक्षां हवाच कितीतरी अधिक खातें; वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा. आपल्याकडील हवेंत धूळ आहे, आणि धुळींत गारेचे कण आहेत. ते सिलिंडरमध्यें शिरले कीं पॉलिशच्या कागदासारखे काम करतात. हवेची गाळणी ही चारपांचशें रुपयांची वस्तु कित्येक हजारांचें काम वांचविते. तेलाची गाळणी तर मोटारीच्या इतिहासांत उशिरांच आली. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं ती प्रचारांत आणली. त्यापूर्वीं इंजिन स्वतःच्याच झिजेचा कीस पुन्हा पुन्हा गिळीत असे.

यानंतर उष्णता आणि रबर. सिलिंडरमध्यें ज्वालेची उष्णता २,००० अंशांच्याही वर जाते, आणि बाहेर पाणी तिला नव्वद अंशांच्या आसपास आवरून धरतें. या पाण्यांत गंज टाळणारें व उकळण्याची मर्यादा वाढविणारें जें कूलंट घालतात, तें आपल्याकडे बर्फ पडत नाहीं म्हणून अनावश्यक आहे, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. साध्या नळाच्या पाण्यानें आंत गंज व क्षार सांठतात, वाटा बुजतात, आणि एखाद्या उन्हाळ्यांत घाटाच्या चढावर कांटा तांबड्या रेघेवर जातो. अशा वेळीं "थोडेंच राहिलें आहे, पोंचूं" म्हणून गाडी तशीच दामटली, तर इंजिनाचें हेड वांकतें. लाख किलोमीटरांत न झालेली हानि पांच मिनिटांत होते. रबराची गोष्ट निराळी. कित्येक इंजिनांत झडपांचा ताल राखण्याचें काम टायमिंग बेल्ट नांवाचा दांतेरी रबरी पट्टा करतो. तो पूर्वसूचना न देतां तुटतो, आणि तुटला कीं अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वांकवितो. रबर चालण्यानें जुनें होतें तसें नुसत्या वयानेंही होतें. म्हणून पट्टा धडधाकट दिसत असतांनाच मुदतीवर बदलावयाचा असतो. तुटण्याची वाट पाहणें यांत काटकसर नाहीं.

आतां कारखान्याचा वांटाही मान्य केला पाहिजे; कारण वाईट घडणीच्या गाडीला कितीही जपलें तरी ती १० लाख मैल जाणार नाहीं. वर सांगितलेल्या व्होल्व्होचें इंजिन ओतीव लोखंडाचें, आणि चार सिलिंडरांच्या दांड्याला पांच ठिकाणीं आधार दिलेलें होतें. त्या काळीं तीन आधारांवर भागविण्याची पद्धत रूढ होती. मर्सिडीजच्या डीझेल इंजिनाचें आकारमान २.४ लिटर, आणि शक्ति अवघी ६५ अश्वांची. आज एवढ्या आकाराच्या इंजिनापासून दुप्पट-तिप्पट शक्ति काढतात. मोठें यंत्र आणि बेताचें काम, ही दीर्घायुष्याची जुनी गुरुकिल्ली आहे. दोन बैलांचें ओझें दोन बैलांनींच ओढलें तर ते थकत नाहींत. एकावर घातलें तर तो अकालीं बसतो. याचा अर्थ नवीं इंजिनें वाईट, असा मात्र नव्हे. साठसत्तर वर्षांपूर्वीं गाड्यांच्या तबकडीवर पांचच आंकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येई. कारण त्याहून पुढें गाडी जाईल, अशी सामान्यतः अपेक्षाच नव्हती. पुढें धातु अधिक कठीण व माप अधिक कांटेकोर झालें. पेट्रोल मोजून फवारण्याची पद्धत आल्यानें जादा पेट्रोलानें सिलिंडरच्या भिंती धुऊन निघण्याचें थांबलें. शिसें मिसळलेलें पेट्रोल भारतांत २००० सालच्या फेब्रुवारीपासून सर्वत्र बंद झालें. त्यामुळें त्यापासून सांचणारा मळ व आम्लेंही गेलीं. आजच्या साधारण घरगुती गाडीस दोन लाख किलोमीटर ही दुर्मिळ मजल राहिलेली नाहीं.

येथें कोणी तार्किक विचारील कीं, भाग बदलत बदलत गेल्यावर ती गाडी तीच राहिली, असें कशावरून म्हणावयाचें? प्रश्न रास्त आहे. गॉर्डन यांच्या गाडीचें इंजिन ६ लाख ८० हजार मैलांपर्यंत एकदांही खोलून नव्यानें बांधावें लागलें नव्हतें. उलट ग्रीसमधील टॅक्सीचें इंजिन आळीपाळीनें उतरवून दुसरें बसविलें जाई, आणि उतरविलेलें नीट करून पुन्हा पाळीसाठीं ठेवलें जाई. माझ्या मतें या दोन्ही रीती दीर्घायुष्याच्याच आहेत. टायर, ब्रेकचे पॅड, बॅटरी, बेल्ट हे भाग झिजण्यासाठींच निर्माण केलेले असतात. ते झिजतात म्हणून बाकीची गाडी टिकते. ज्या गाडीचे झिजणारे भाग स्वस्त, सुलभ आणि साध्या मिस्त्रीला बदलतां येण्याजोगे आहेत, ती गाडी चिरंजीव. जिच्या एका लहानशा भागासाठीं अख्खा जोड बदलावा लागतो, ती कितीही भक्कम असली तरी अल्पायुषी.

याची साक्ष मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनें दिली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून इटलीच्या फियाट ११००-डी या नमुन्याची गाडी होऊं लागली, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. ती वेगवान नव्हती, ऐषआरामीही नव्हती. पण तिचें यंत्र साधें होतें आणि तिचा प्रत्येक भाग मुंबईंतील गल्लीबोळांत मिळे. कित्येक टॅक्स्या दोन पाळ्यांत चालत. दिवसाचा चालक उतरे तों रात्रीचा बसे, व इंजिन थंड होण्यास फारसा वेळच मिळत नसे. या टॅक्सीचा शेवट झाला तो यंत्र थकलें म्हणून नव्हे. मुंबईंतील टॅक्सीसाठीं वीस वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली होती. आणि म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिचें मरण पंचांगानें ठरविलें.

खासगी गाडीचें मरण मात्र बहुधा हिशेबानें ठरतें, आणि तो हिशेब पुष्कळदां अर्धवट असतो. समजा, सहा लाखांस घेतलेली गाडी सहा वर्षांनीं तीन लाखांस विकली. म्हणजे वर्षास ५० हजार रुपये केवळ किंमत उतरल्यामुळें गेले. हे ५० हजार कोणी हातांतून मोजून देत नाहीं, म्हणून ते जाणवत नाहींत. याउलट दहा वर्षांच्या गाडीची किंमत आधींच उतरलेली असते. समजा, ती वर्षास १५ हजारांनीं उतरली, व दुरुस्तीस २५ हजार लागले. तरी बेरीज ४० हजारच होते. परंतु ते २५ हजार एका दिवशीं, एका बिलानें, खिशांतून जातात, आणि घरांत "गाडीनें लुबाडलें" अशी ओरड होते. न दिसणारा खर्च आणि दिसणारा खर्च हे दोन्ही एकाच कागदावर लिहून पाहिले, तर कित्येक गाड्या अकालीं विकल्या जाणार नाहींत.

तथापि गाडी कधीं सोडावी, हेंही समजलें पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींत निराळा सांगाडा नसतो. पत्र्याचा सांचाच सर्व भार वाहतो. त्याला खोल गंज चढला तर इंजिन कितीही निरोगी असलें तरी उपयोग नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळें हा धोका विशेष. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोंकें चिखलानें बुजूं न देणें, ही तेथील मालकानें लावून घ्यावयाची पहिली संवय होय. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. आपल्याकडे २०१९ पूर्वींच्या कित्येक स्वस्त गाड्यांत एअरबॅगही नसते. घरांतील मुलेंबाळें जीत बसतात ती गाडी केवळ चालते एवढ्यावर समाधान मानणें बरें नव्हे. तिसरी गोष्ट धुराची. जिचें इंजिन तेल जाळूं लागलें, तिच्या दीर्घायुष्याची किंमत शेजाऱ्यांचीं फुफ्फुसें देत असतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते, व पुढें तपासणी होऊनच पांच पांच वर्षांनीं वाढते, त्यामागचा हेतूही हाच आहे. विजेच्या गाड्यांनीं तेल, गाळण्या व थंड इंजिन यांचा प्रश्न मिटविला आहे. पण तेथें बॅटरी वयानें व उष्णतेनें दुबळी होते.

तेव्हां जुनी गाडी घ्यावयास जाल तर आंकडा अवश्य पाहा, पण त्यावर थांबूं नका. आंकडा मागें फिरविणारेही बाजारांत असतात. तेल केव्हां केव्हां बदललें याचीं बिलें पाहा; पायाखालच्या पेडलांचें रबर आणि स्टिअरिंगची झीज आंकड्याशीं जुळते कीं नाहीं तें पाहा; सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना, तें आपल्यासमोर सुरू करावयास सांगा. ऊन इंजिन दोष झांकतें. थंड इंजिन खरें बोलतें. आणि घरची गाडी असेल तर चार किलोमीटरांच्या रोजच्या फेऱ्यांमध्यें आठवड्यांतून एकदां तरी तिला मोकळ्या रस्त्यावर तासभर धांवूं द्या, म्हणजे तेलांत मुरलेलें पाणी उडून जाईल. असें केलें तर लाखाचा आंकडा पाहून घाबरण्याचें कारण उरणार नाहीं. गाडी किती चालली, याहून ती कशी चालली, हाच प्रश्न अधिक मोलाचा आहे. आणि त्याचें उत्तर तबकडीपेक्षां मालकाजवळच अधिक असतें.